लहान मूल सोबत घेऊन गराज सेल आणि थ्रिफ्ट स्टोअर: आधी काय, नंतर काय

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत गराज सेलमध्ये (लोक घराच्या अंगणात मांडून विकतात) किंवा थ्रिफ्ट स्टोअरमध्ये (वापरलेल्या वस्तूंचं दुकान) मिळणाऱ्या मुलांच्या वापरलेल्या वस्तूंबद्दल दोन टोकं दिसतात. काहींना दुसऱ्याने वापरलेलं नकोच असतं. सहा महिन्यांत आखूड होणारी जॅकेटंही ते नवीच घेतात. काही जण ‘दोन डॉलरला तर मिळतंय’ म्हणत कार सीटपासून हेल्मेटपर्यंत जे दिसेल ते डिकीत टाकतात. पहिल्या टोकाने पैसे जातात, दुसऱ्याने मुलाच्या जिवाशी खेळ होऊ शकतो. मधला रस्ता सोपा आहे, पण त्यात क्रम पाळावा लागतो आणि नेमका तोच चुकतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे खेळणं आधी मुलाच्या हातात जातं आणि मग तपासलं जातं. एकदा ते छातीशी धरलं की बॅटरीच्या कप्प्यातला गंज दिसूनही आई-बाबा पैसे देऊन मोकळे होतात, कारण भर अंगणात रडारड कोणालाच नको असते. म्हणून पुढचे सगळे टप्पे एकाच नियमाभोवती आहेत: तपासणी आधी, मुलाचा हात नंतर. दीड ते पाच वर्षांचं मूल सोबत असेल असं धरून लिहिलं आहे.

टप्पा १: घरीच ठरवा, काय घ्यायचंच नाही

ही यादी दुकानात उभं राहून करता येत नाही. तिथे किंमत समोर असते आणि किंमत भल्याभल्यांना फितवते.

कार सीट अनोळखी माणसाकडून कधीच घेऊ नका. अपघात झालेल्या गाडीतली सीट बाहेरून धडधाकट दिसते, पण आतलं प्लास्टिक आणि पट्टे कमकुवत झालेले असू शकतात. शिवाय प्रत्येक सीटला मुदत असते. ती खालच्या किंवा मागच्या बाजूला छापलेली असते आणि बहुधा बनवल्यापासून सहा ते दहा वर्षांची असते. विकणारा खोटं बोलतोय असं नाही. त्यालाही ती कोणाकडून तरी मिळालेली असते आणि तिचा इतिहास त्याला माहीत नसतो. सख्ख्या बहिणीची किंवा जवळच्या मैत्रिणीची सीट असेल, अपघात झालेला नाही याची खात्री असेल, लेबल आणि सगळे भाग जागेवर असतील, मुदत शिल्लक असेल आणि एनएचटीएसए या अमेरिकेतल्या वाहतूक-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर तिचं मॉडेल रिकॉलच्या (धोक्यामुळे परत मागवलेल्या वस्तूंच्या) यादीत नसेल, तरच घ्या. यातली एकही गोष्ट अडली तर नाही.

सायकलचं हेल्मेट घेऊ नका. एकदा जोरात आपटलं की आतला फोम दबतो आणि पुढच्या वेळी डोकं वाचवत नाही. ते डोळ्यांना दिसत नाही. लहान मुलाचं नवं साधं हेल्मेट काही फार महाग नसतं.

क्रिब (बाळाचा कठड्याचा पलंग) आणि बाळाच्या झोपण्याची इतर साधनं. एक बाजू खाली सरकणारी क्रिब अमेरिकेत २८ जून २०११ पासून विकता येत नाही, तरी जुन्या घरांच्या गराजमधून ती अजून बाहेर निघते. बाळाला उतरत्या पाठीवर झोपवायची साधनं (इन्क्लाइन्ड स्लीपर) आणि क्रिबच्या कडेला बांधायचे जाड बंपर २०२२ च्या कायद्याने बंद झाले. फिशर-प्राइसचा ‘रॉक अँड प्ले’ त्याआधीच, २०१९ मध्ये रिकॉल झाला होता. दिसायला या वस्तू सगळ्यात गोंडस असतात, म्हणून पहिल्या बाळाच्या वेळी हात हमखास त्यांच्याकडे जातो. क्रिब वापरलेलीच घ्यायची असेल तर लेबलवर जून २०११ नंतरची तारीख हवी, सगळे मूळ स्क्रू हवेत आणि दोन दांड्यांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. तरीही माझं स्पष्ट मत असं की पैसे वाचवायची ही जागा नाही.

बसून ढकलायचा बेबी वॉकर घेऊ नका. जिन्यावरून गडगडण्याच्या अपघातांमुळे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ त्याच्यावर बंदीची मागणी करत आले आहेत. कॅनडात तो २००४ पासून विकताच येत नाही, अगदी गराज सेलमध्येही. टोरांटोकडच्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. आपल्या पांगुळगाड्यासारखं, मूल मागे उभं राहून ढकलतं ते खेळणं वेगळं. ते मजबूत असेल तर चालतं.

छोट्या, ताकदवान चुंबकांचे संच आणि जुने नकली दागिने ही आणखी दोन नावं. एकापेक्षा जास्त चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या घड्या एकमेकींना चिकटवतात. जुन्या नकली दागिन्यांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं आणि मुलं ते तोंडात घालतात.

तपासा: ही यादी फोनमध्ये लिहिली का? सोबत येणाऱ्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही पाठवली का?

टप्पा २: हवं काय, आणि कोणत्या मापाचं

मूल सोबत असताना दुकानात कपडे घालून बघणं जमत नाही. कपडे बदलायच्या खोल्या अनेक थ्रिफ्ट स्टोअरमध्ये आता बंदच असतात. म्हणून माप घरून न्यायचं.

मुलाच्या अंगाला आज नीट बसणारी एक पँट आणि एक शर्ट जमिनीवर पसरून मोजा: कमरेची रुंदी, पायाची आतली लांबी, खांदा ते खांदा. हे आकडे फोनमध्ये लिहा आणि छोटी मोजपट्टी पिशवीत टाका. लेबलवरच्या मापावर विसंबू नका. वापरलेला कपडा धुऊन आटलेला असतो आणि दर कंपनीचं माप निराळं असतं. ‘४टी’ आणि ‘४’ ही मापंसुद्धा एक नाहीत. ‘टी’वाल्या पँटमध्ये डायपरसाठी जागा सोडलेली असते, नुसत्या ‘४’ची पँट लांब आणि सडपातळ असते. बुटांसाठी पाऊल कागदावर उमटवून, बोटाएवढी जागा सोडून कापून घ्या. तो कागद बुटात सरकवून बघता येतो.

मग यादी. पाचाच्या वर वस्तू नकोत आणि त्या पुढच्या ऋतूच्या हव्यात. बर्फातले कपडे याचं उत्तम उदाहरण आहे. स्नो पँट आणि स्नो बूट एका हिवाळ्यात मोजक्या दिवशी वापरले जातात, तेवढ्यात मूल वाढतं, त्यामुळे ते जवळजवळ नवे मिळतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शोधले तर निवड असते. पहिला बर्फ पडल्यावर गेलात तर रॅक रिकामा दिसेल. पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं, लाकडी कोडी, ड्युप्लोचे ठोकळे, तीनचाकी, पावसाळी बूट, हॅलोवीनचे पोशाख याही वापरलेल्या घेण्याजोग्या वस्तू.

टप्पा ३: पिशवी

सुटे पैसे पहिले. एक आणि पाच डॉलरच्या नोटा आणि मूठभर क्वार्टर. सकाळी आठ वाजता गराज सेलवाल्याकडे वीसची नोट मोडायला पैसे नसतात. आता बरेच जण फोनवरून व्हेन्मो किंवा झेलने पैसे घेतात, पण ते गृहीत धरू नका.

त्याखेरीज: एए आणि एएए बॅटऱ्यांचा एकेक जोड, लहान फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टॉयलेट पेपरची रिकामी नळी (ती का, ते टप्पा ८ मध्ये येईल), ओले वाइप्स, तोंड बांधता येतील अशा दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या, पाणी आणि खाऊ. खाऊ न सांडणारा असावा. चुरमुरे, खाकरा चालतो, शिऱ्याचा डबा नको. आणि मुलाचं घरचंच एखादं खेळणं, जे सबंध वेळ त्याच्या हातात राहील. रिकामा हात समोर दिसेल ते उचलतो.

टप्पा ४: वेळ मुलाची, सेलची नव्हे

गराज सेल बहुधा शनिवारी सकाळी सात-आठला सुरू होतात आणि जुन्या वस्तूंचे व्यापारी उघडताक्षणी पोचतात. त्यांच्याशी शर्यत लावून झोपेतलं मूल गाडीत कोंबू नका. ते जुनी भांडी, अवजारं, दागिने शोधत असतात. मुलांचे कपडे आणि पुस्तकं साडेनऊलाही तिथेच असतात. नाश्ता झालेला, शू झालेली, दुपारच्या झोपेला किमान दोन तास बाकी, अशी वेळ पकडा. गराज सेलला बाथरूम नसते आणि अनोळखी घरात मुलाला नेण्याची वेळ येऊ देऊ नये.

ठिकाणं तीनच्या वर ठरवू नका. आदल्या रात्री फेसबुक मार्केटप्लेस, नेक्स्टडोअर किंवा क्रेगलिस्टवर जाहिराती बघा. ‘किड्स आयटम्स’ लिहिलेलं घर पहिलं ठेवा. सबंध वसाहतीचा सेल असेल तर तो सगळ्यांत बरा: एकदा गाडी लावायची आणि स्ट्रोलर घेऊन घरोघर चालायचं. एस्टेट सेल (सबंध घराचं सामान विकायला काढतात तो) मात्र मुलासोबत टाळा. ते घराच्या आत असतात, टेबलांवर काच मांडलेली असते आणि जिने अरुंद असतात.

सावध: ‘दोन मिनिटांत बघून येते’ म्हणून मुलाला गाडीत ठेवू नका. उन्हात बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत सुमारे २० अंश फॅरनहाइटने वाढू शकतं. काच थोडी उघडी ठेवल्याने फरक पडत नाही. मूल गाडीत झोपलं तर तो सेल सोडून पुढे जा.

टप्पा ५: मुलाशी करार

हे बोलणं गाडीत करा, दारात नको. तीन वाक्यं पुरतात. ‘आपण आधी बघणार. हात लावायच्या आधी विचारणार. आज तुझ्यासाठी एक वस्तू.’ ‘घेऊ या, आवडलं तर’ असं मोघम बोलू नका. चार वर्षांच्या मुलाला त्यात फक्त ‘घेऊ या’ ऐकू येतं.

चार क्वार्टर त्याच्या स्वतःच्या पाकिटात द्या. डॉलरची एक नोट देण्यापेक्षा चार नाणी बरी, कारण एक दिलं की तीन उरतात हे बोटांवर कळतं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला नाणी मोजता आली नाहीत तरी स्वतःच्या हाताने ती देता येतात. नाणी तोंडात घालायची सवय अजून गेली नसेल तर पाकीट तुमच्या खिशात ठेवा आणि द्यायच्या क्षणी बाहेर काढा.

आता मुख्य गोष्ट. मुलाने निवडायचं असतं, पण तुम्ही तपासून पास केलेल्या दोन वस्तूंमधून. तुम्ही टेबल चाळता, नापास वस्तू बाजूला ठेवता, मग खाली बसून दोन्ही हात पुढे करता: ‘ही गाडी की हे कोडं?’ त्याला खरी निवड मिळते आणि तुमची तपासणी शाबूत राहते.

दोन मोठी माणसं असतील तर कामं वाटून घ्या: एकाने फक्त मूल, दुसऱ्याने फक्त वस्तू. भारतातून आलेले आजी-आजोबा सोबत असतील तर मुलाकडे बघणं त्यांच्याकडे द्या आणि हातात खेळणं न देण्याचा नियम त्यांना आधी समजावून सांगा, कारण नातवाने बोट दाखवलं की आजोबांचा हात खिशात जातो. वापरलेल्या कपड्यांबद्दल आजींची कुरकुर असेल तर त्यांना आठवण करून द्यावी, की जुन्या मऊ लुगड्याची दुपटी आणि मोठ्या भावंडांची झबली याच घरात बाळाला घातली गेली होती. फरक एवढाच की ती कोणाची हे माहीत होतं. इथे माहीत नाही, म्हणून टप्पा ९ आहे.

टप्पा ६: गराज सेलच्या अंगणात

गाडी घराच्याच बाजूला लावा आणि मुलाला फुटपाथच्या बाजूने उतरवा. गराज सेलच्या दिवशी रस्ता गाड्यांनी भरलेला असतो आणि लोक चालवताना टेबलांकडे बघत असतात.

अंगणात शिरल्यावर यजमानांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. कुत्रा आहे का ते विचारा. अंगणातलं प्रत्येक खेळणं विकायचंच असेल असं नाही, त्या घरातल्या मुलाची सायकलही तिथेच उभी असते. विकणाऱ्यांचं लहान मूल जवळ उभं असेल तर आणखी सांभाळून. त्याचं खेळणं चाललंय हे त्याला कळत असतं. तुमच्या मुलाला त्याच्याकडे बघून ‘थँक यू’ म्हणायला सांगा.

टेबलाखालचे खोके बघायला विसरू नका. पुस्तकं बहुधा तिथेच असतात आणि मूलही त्याच उंचीवर असतं. पुठ्ठ्याची पुस्तकं मुलाला चाळायला द्यायला हरकत नाही. तपासणी न करता हातात देण्याजोगी जवळजवळ ही एकच गोष्ट, बॅटरीवर वाजणारी पुस्तकं सोडून.

घासाघीस इथे चालते, आणि ती सौम्य असते. वस्तू एकेक करून भाव करू नका. सगळ्या एकत्र करा आणि मग विचारा: ‘वुड यू टेक फाइव्ह फॉर ऑल ऑफ धिस?’ आठ डॉलरचा ढीग असेल तर पाच-सहा म्हणणं रास्त आहे, दोन म्हणणं अपमान आहे. मुलाने वस्तू धरून ठेवलेली असताना भाव करता येत नाही, विकणाऱ्याला सगळं दिसत असतं. आणि लहान मुलं लिंबू सरबत किंवा आपलीच खेळणी विकत बसली असतील तर सांगतील ती किंमत द्या.

दुपारी सेल संपत आला की अनेक जण अर्ध्या किमतीत किंवा फुकट देतात. ‘फ्री’ लिहिलेला खोका मात्र मुलाला उपसू देऊ नका. तुटकं, सुटं, टोकदार असं सगळं तिथेच येतं.

टप्पा ७: थ्रिफ्ट स्टोअरच्या आत

गुडविल, साल्व्हेशन आर्मी, सेव्हर्स अशा दुकानांत किंमत ठरलेली असते. काउंटरवर भाव करू नका. सवलतीची त्यांची रीत वेगळी आहे. अनेक दुकानांत किमतीच्या चिठ्ठ्या रंगीत असतात आणि ठरावीक दिवशी किंवा आठवड्यात एका रंगाच्या वस्तू सवलतीत असतात. आत शिरताच तो रंग बघा आणि मुलाला सांगा. ‘निळी चिठ्ठी शोध’ हे काम चार वर्षांच्या मुलाला बराच वेळ पुरतं. काही दुकानांत ज्येष्ठांसाठी वेगळा दिवस असतो, आजी-आजोबा आले असतील तर चौकशी करा.

मूल कार्टच्या बैठकीत, पट्टा लावून. पट्टा तुटका असेल तर कार्ट बदला. सामानाच्या भागात उभं राहू देऊ नका, कार्टमधून पडून डोक्याला मार लागणं हा नेहमीचा अपघात आहे. चालणारं मूल गोल रॅकच्या आत शिरतं आणि दिसेनासं होतं. त्याला भडक रंगाचा शर्ट घालून न्या.

फिरण्याचा क्रम: आधी कपडे, मग बूट, मग पुस्तकं, सगळ्यात शेवटी खेळणी. बहुतेक जण उलटं करतात. खेळण्यांपाशी गेल्यावर मूल तिथून हलत नाही आणि ज्या जॅकेटसाठी आलो ते राहून जातं. काचेच्या भांड्यांच्या रांगेत मुलासोबत शिरूच नका.

लहानसहान खेळणी पारदर्शक पिशवीत भरून, चिकटपट्टी लावून टांगलेली असतात. एका चांगल्या बाहुलीसोबत दहा अनोळखी तुकडे येतात. पिशवी बाहेरून चारी बाजूंनी बघा, दुकानात उघडू नका आणि गाडीतही मुलाकडे देऊ नका.

वापरलेलं म्हणजे स्वस्तच असं नाही. साध्या टी-शर्टची किंमत कधी कधी मोठ्या दुकानातल्या क्लिअरन्स रॅकपेक्षा जास्त निघते. माझा हिशेब असा: नव्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा महाग असेल तर सोडून द्यायचं. स्नो पँट आणि लाकडी खेळणी यांना अपवाद करते.

टप्पा ८: तपासणी, वस्तूगणिक

पैसे देण्याआधी, मुलाकडे पाठ करून. घाई इथे करायची नाही.

तुकड्यांचा आकार. तीन वर्षांखालच्या मुलासाठी टॉयलेट पेपरच्या नळीतून जे आरपार जातं ते नको. अधिकृत चाचणीची नळी याहून अरुंद, सव्वा इंचाची असते, त्यामुळे ही घरगुती चाचणी थोडी जास्त कडक आहे, आणि तसंच हवं. डोळे, बटणं, चाकं बोटांनी जोरात ओढून बघा. घरी मोठं भावंड असेल तरी नियम धाकट्याच्या वयाचा.

बॅटरी. कप्पा उघडा. पांढरी किंवा हिरवट-निळी पूड दिसली तर बॅटरी गळलेली आहे. तिला मुलाचा हात लागू देऊ नका. कप्पा स्वच्छ असेल तर आपली बॅटरी घालून चालवून बघा. बटणासारख्या गोल बॅटऱ्या हा खरा धोका. ती घशात अडकली तर दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. खेळण्यांच्या कप्प्याला बहुधा स्क्रू असतो, पण छोटे रिमोट, बॅटरीच्या मेणबत्त्या, गाणारी ग्रीटिंग कार्डं, स्वयंपाकघरातले वजनकाटे यांच्या जुन्या नमुन्यांना तो नसतो, आणि मुलं ‘फोन फोन’ खेळायला नेमका रिमोटच उचलतात. स्क्रू नसेल किंवा झाकण चिकटपट्टीने लावलेलं असेल तर वस्तू परत ठेवा.

सावध: बटण बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट इमर्जन्सीत जा. उलटी करवू नका. बॅटरी गिळल्याच्या मदतीचा अमेरिकेतला क्रमांक १-८००-४९८-८६६६, इतर विषबाधेसाठी १-८००-२२२-१२२२. दोन्ही आजच फोनमध्ये ठेवा.

रंग. अमेरिकेत खेळण्यांवरच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीचं वाटणारं रंगीत लाकडी किंवा धातूचं खेळणं, पोपडे निघालेलं काहीही, आणि रंगवलेली जुनी खुर्ची कितीही देखणी असली तरी घेऊ नका. घरी वापरायच्या शिसे-चाचणी काड्यांवर भरवसा ठेवू नका, त्यांचं उत्तर खात्रीचं नसतं. भातुकलीसाठी खरी जुनी चिनी मातीची भांडी घेण्याचा मोह होतो, तोही टाळा. त्यांच्या झिलईत शिसं असू शकतं.

कपडे. उजेडात धरून काख, गुडघे आणि गळा बघा. चेन पूर्ण वर-खाली करा, बटणं मोजा. टोपीला आणि गळ्याला ओवलेली नाडी असेल तर ती घसरगुंडीत अडकून गळा आवळू शकते. कपडा चांगला असेल तर घ्या आणि घरी आल्यावर नाडी पूर्ण ओढून काढा. बुटांचा तळ बघा: टाच एका बाजूला झिजली असेल तर तो बूट दुसऱ्याच्या चालीचा झालेला आहे. बर्फाच्या बुटांना वाकवून रबरात चीर आहे का पाहा.

कोडी आणि खेळ. खोक्यावर २४ लिहिलं असेल तर २४ मोजा. लाकडी कोड्यात रिकामी जागा दिसतेच, पुठ्ठ्याच्या कोड्यात मोजल्याशिवाय कळत नाही.

स्ट्रोलर, उंच खुर्ची, ड्रेसर. स्ट्रोलर उघडून-मिटून बघा: कुलूप ‘टक्’ करून बसतं का, ब्रेक लावल्यावर चाक फिरतं का, बिजागरीत बोट सापडेल का. उंच खुर्चीला दोन पायांमधला पट्टा हवाच. ड्रेसर घेतलात तर त्याच दिवशी भिंतीला बांधायचा पट्टाही विकत घ्या. उघड्या खणांवर मूल चढलं की तो पुढे कोसळतो. भाड्याच्या घरात भोक पाडायला मालकाची परवानगी लागते, ती आधी विचारा. मिळणार नसेल तर ड्रेसर घेऊ नका.

रिकॉल. नाव आणि मॉडेल क्रमांक वस्तूच्या तळाशी असतो. तो सीपीएससी या अमेरिकेतल्या ग्राहक-सुरक्षा संस्थेच्या रिकॉलच्या यादीत शोधा, उभ्या उभ्या होतं. रिकॉल झालेली वस्तू विकणं बेकायदा आहे, गराज सेललाही ते लागू आहे, पण विकणाऱ्याला बहुधा माहीतच नसतं. लेबल खरवडलेलं असेल आणि वस्तू मुलाने बसायची किंवा झोपायची असेल तर तिथेच थांबा.

ढेकूण. कापडी वस्तूंच्या शिवणी उलटून बघा. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग दिसले तर त्या ढिगातलं काहीच नको. गादी लावलेली खुर्ची, बीन बॅग, क्रिबची गादी हे तर बघायलाही थांबू नका.

तपासा: पास झालेल्या वस्तू एका हातात, नापास पुन्हा टेबलावर. आता मुलाला बोलवा.

मुलाने नापास वस्तू आधीच पाहिली असेल तर कारण खरं सांगा: ‘याचं झाकण लागत नाही, आत बॅटरी आहे, ती पोटात गेली तर दुखतं.’ ‘ते काकांचं आहे, विकायचं नाहीये’ असं खोटं सांगू नका. पुढच्याच मिनिटाला दुसरं कोणी ते विकत घेतं आणि मूल बघत असतं. रडलं तर कडेवर घेऊन अंगणाबाहेर या. बदल्यात दुसरी वस्तू देऊ केलीत तर पुढच्या शनिवारपासून रडणं हीच त्याची घासाघीस होईल.

टप्पा ९: घरी आल्यावर

कापडी वस्तू गाडीतच पिशवीत बांधा आणि घरात सोफ्यावर उघडू नका. पिशवी थेट ड्रायरपाशी न्या. आधी कोरडेच कपडे पूर्ण उष्णतेवर किमान अर्धा तास फिरवा, मग धुवा, मग पुन्हा वाळवा. बहुतेक जण आधी धुतात. ढेकूण आणि त्यांची अंडी पाण्याने नव्हे, उष्णतेने मरतात. रिकामी पिशवी लगेच बाहेरच्या कचऱ्यात टाका. अपार्टमेंटमध्ये सामाईक ड्रायर असेल तर क्वार्टर मशीनसाठी राखून ठेवा. कापडी बाहुल्यांनाही हीच वाट. बॅटरीची बाहुली ड्रायरमध्ये जात नाही, म्हणून मी ती घेतच नाही.

प्लास्टिकची खेळणी साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळू द्या. आंघोळीची पिळायची रबरी खेळणी वापरलेली घेऊ नका, आत बुरशी असते आणि ती साफ होत नाही. पुस्तकांची कव्हरं ओल्या फडक्याने पुसा.

हे सगळं होईपर्यंत मुलाची ‘एक वस्तू’ अडवून ठेवणं कठीण असतं. ती कडक पृष्ठभागाची असेल तर गाडीतच वाइप्सने पुसून द्या. कापडी असेल तर गाडीत नाही, ड्रायरच्या काचेतून ती गोल फिरताना बघायला मिळेल असं आधीच सांगून ठेवा.

टप्पा १०: आखूड झालेलं पुढे देताना

दर ऋतूच्या शेवटी कपाट रिकामं करा. चांगलं ते थ्रिफ्ट स्टोअरच्या देणगी-दारात द्या किंवा ओळखीतल्या धाकट्या बाळाकडे पाठवा. कोड्याचा एक तुकडा हरवला असेल तर खोक्यावर तसं लिहा. रिकॉल झालेली वस्तू देणगीत देऊ नका. आधी कंपनीची सूचना वाचा, अनेकदा दुरुस्तीचा भाग किंवा पैसे परत मिळतात. मुदत संपलेली कार सीट तशीच कचऱ्यापाशी ठेवलीत तर कोणीतरी चांगली समजून उचलून नेतं. पट्टे कापा, कापड फाडा, प्लास्टिकवर ठळक मार्करने ‘एक्स्पायर्ड’ लिहा. टार्गेटमध्ये वेळोवेळी जुन्या कार सीट परत घेऊन नव्या सामानावर सवलतीचं कूपन देतात. तोवर ती गराजमध्ये राहू शकते, पट्टे कापून.